विहिरीवरून गेलेली रेघ

९ जानेवारी १९४७, जालना

हुकूम हातात पडला. आजपासून मी सरहद्द मालरेल्वेच्या खास पैमाइश कचेरीचा, म्हणजे मोजणीच्या कचेरीचा, नक्शानवीस. म्हणजे नकाशे काढायचे. पण कचेरीत माणसंच इतकी कमी, की रानात दुर्बीण लावून रेघ आखायचं कामही माझ्याच गळ्यात आलं आहे. त्यासाठीच ही नवी वही. सरकारी डायरी वेगळी आहे, ती बडे साहेब वाचतात.

ताराला सगळं नीट समजावून सांगितलं. आपल्या निजामाच्या मुलखाला समुद्र नाही. जालन्याचा कापूस मनमाडला जातो, तिथे लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवतात, हमालांच्या आकड्यांनी गठ्ठे फाटतात. नवी लाईन जालन्याहून हसनाबादेवरून थेट वऱ्हाडात उतरणार. नुसत्या मालगाड्या. सरहद्दीपर्यंत आम्ही आखायची, पुढची त्यांनी.

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि त्यांनी नाही आखली तर?"

बायकांना नेमके असलेच प्रश्न सुचतात.

२ फेब्रुवारी, हसनाबाद

तळ पडला. दोन राहुट्या, दुर्बीण, साखळी ओढणारी चार माणसं आणि मीर साहेबांची आरामखुर्ची. मीर साहेब म्हणजे आमचे बडे इंजिनिअर. आठवड्यातून एकदा जालन्याहून येतात, खुर्चीत बसून नक्शा डोळ्यांजवळ धरतात आणि म्हणतात, "वाह वामनराव, क्या सीधी लकीर है!" मन भरून येतं. रेघ सरळ असली की गाडीचा दम वाचतो, हे तर झालंच. पण मला मुळातच वाकडी रेघ बघवत नाही. ताराच्या रांगोळीतसुद्धा मी खोट काढतो आणि मग दिवसभर बोलणी खातो.

दर अर्ध्या मैलाला एक दगड पुरायचा. एकंदर त्र्याऐंशी. शेवटचा सरहद्दीवर.

११ फेब्रुवारी

आज बोरखेडीचा माळ. हसनाबादेपासून दोन मैलांवर पाऊणशे घरांचं गाव. माळ असा सपाट, की उभं राहावं तिथून काहीच दिसत नाही. मागची झेंडी सापडेना, पुढची टेकडी दिसेना. दोन तास फुकट गेले आणि मी साखळीवाल्यांवर उगाच खेकसलो.

तेवढ्यात एका माणसाने हाक मारली. अर्ध्या खोदलेल्या विहिरीच्या काठावर मुरूम आणि दगडांचा मोठा ढीग होता, पुरुषभर उंच, त्यावर तो उभा होता.

"साहेब, इकडं या. हितून पार भोकरदनची टेकडी दिसून राह्यली."

चढलो. खरंच सगळं दिसत होतं. मागे आमची झेंडी, पुढे टेकडी, दोन्हींच्या मधोमध हा ढीग. तिथेच झेंडी रोवली आणि रेघ पुढे नेली. झेंडी वाऱ्याने लवत होती म्हणून तो गृहस्थ दोन तास ती धरून उभा राहिला. कडूबा नाव. पन्नाशीचा असेल. विहीर त्याचीच. तीन उन्हाळे तो, बायको आणि दोघे भाऊबंद खोदत आहेत. अठरा हात झाली.

"खाली खडक वल्ला लागलाय," तो म्हणाला. "आणखी चार-पाच हात. औंदा पाणी लागतंय बराबर."

गावाला पाणी आहे, पण जुन्या पायऱ्यांच्या बारवेचं. खाली उतरून पाण्यात पाय घालूनच घागर भरावी लागते, आणि त्या पाण्याने नारू होतो. पायातून दोऱ्यासारखा हातभर लांब किडा निघतो, महिना-महिना माणूस जागचं उठत नाही. "दरसाली घरातलं एक तरी लंगडं," कडूबा म्हणाला. "आन् नेमकं पेरणीच्या तोंडावर. ह्या विहिरीला पायऱ्याच ठेवणार न्हाई. रहाटानं वढायचं. समद्या गावानं न्यावं."

चांगलं काम आहे, म्हटलं, आणि दुर्बिणीला डोळा लावला.

नक्शात तो ढीग टेकाड म्हणून दाखवला. त्याची वेगळी खूण करायची, खाली बारीक अक्षरात खुलासा लिहायचा, एवढा वेळ कोणाला आहे.

३ मार्च

दगड नंबर अडतीस पुरला. विहिरीच्या काठाला लागूनच. ठेकेदाराची माणसं वीतभर खड्ड्यात दगड उभा करून पळतात, म्हणून मी स्वतः उभा राहिलो. दोन हात खोल, खाली चुना, वर चुना. खड्डा कडूबानेच खणून दिला. "अठरा हातांपुढं दोन हात म्हंजी काय," म्हणाला आणि हसला.

मी त्याला बजावलं, "हा सरकारी दगड आहे. हलला तर जबाबदारी तुमची."

"माझ्या रानात हाय तवर हलणार न्हाई," तो म्हणाला.

असा दगड सबंध लाईनवर दुसरा नाही. बैलजोडी लावली तरी निघायचा नाही.

२० एप्रिल

आजचा दिवस वाईट. हैदराबादहून हुकूम आला: मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर हात कोणी खोदू नये, बांधू नये, झाड तोडू नये, माती हलवू नये. जमीन रेल्वेसाठी धरली आहे. हे करतात कशाला, तर नुकसानभरपाईसाठी लोक रातोरात विहिरी आणि गोठे उभे करतात म्हणून. गावोगाव हुकूम वाचून दाखवायचा आणि ज्याची जमीन त्याचा अंगठा घ्यायचा. वाचणारा मी.

बोरखेडीत पोचलो तेव्हा कडूबा विहिरीतच होता. पहारीचा आवाज वरपर्यंत येत होता. वर आला, हात पुसले आणि उभा राहून सगळं ऐकलं.

"मंजी विहीर थांबवायची?"

"थोडे दिवस."

"किती दिस?"

मला काय माहीत. सांगून टाकलं, "रेल्वे येईपर्यंत. मग सरकार तुम्हाला दुसरीकडे विहीर देईल." असं हुकुमात कुठेच लिहिलेलं नाही. पण ते असणारच. सरकार विहीर बुजवून गप्प थोडंच बसेल?

त्याने शाईच्या डबीकडे बघितलं आणि अंगठा पुढे केला. त्याची बायको झुंबरबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. घोट्याला चिंधी, चिंधीत काडी, काडीवर गुंडाळलेला नारू. ती तिथूनच म्हणाली, "अंगठा नगा देऊ म्हन्ते मी. चार हात राह्यलंय." तो म्हणाला, "सरकार हाय ते." बस, एवढंच.

ऊन मी म्हणत होतं. पाणी मागितलं. ती भिंतीला धरून उठली, घागरीवर लुगड्याचा पदर दुहेरी धरू लागली. "थांबा साहेब, गाळून देते." मला पुढचं गाव गाठायचं होतं, आणि शिवाय वाटलं, ही बाई समजत असेल बामण आहे, सोवळ्याचा आहे, म्हणून एवढा सोपस्कार. म्हटलं, "काही गरज नाही, आम्ही तसलं पाळत नाही," आणि तांब्या तसाच घागरीत बुडवून घेतला. दोन तांबे प्यालो. पाणी गोड होतं. आपल्या मोकळेपणाचं मला बरं वाटलं. आजच्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

५ मे, जालना

मीर साहेबांकडे गेलो. म्हटलं, अडतीस नंबरजवळ रेघ दीडशे हात पूर्वेला सरकवली तर एक विहीर वाचते आणि गाव वाचतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते ऐकतात, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, अर्जी लिहा, मी शिफारस करतो, हैदराबादेत मंजूर होईल.

लिहिली. विहिरीचं लिहिलं, बारवेचं लिहिलं, नारूचंसुद्धा लिहिलं. रेघ मुळात तिथून का गेली ते मात्र लिहिलं नाही. विहीर रेघेत आली नव्हती. मीच रेघ विहिरीवर नेली, कारण तिच्या मातीवर उभं राहिलं की लांबचं दिसत होतं. आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

२९ जुलै

उत्तर आलं. "अडतीस नंबरजवळ नक्शात नैसर्गिक टेकाड दाखवले आहे. भरावाचा खर्च वाचत असल्याने रेघ तेथूनच नेणे योग्य. अर्जी नामंजूर."

कागद हातात घेऊन बसून राहिलो. माझंच टेकाड, माझ्याच हातचं.

आता खरं लिहावं, तर ते विचारतील, उरलेल्या ब्याऐंशी ठिकाणी तरी खरं लिहिलंय का. शिवाय नक्शा मीर साहेबांच्या सहीने गेला आहे. त्यांचंही तोंड काळं व्हायचं. योग्य वेळ बघून लिहीन. तसंही पावसाळ्यात विहीर खोदत नाहीत, तेव्हा घाई अशी नाही.

२० ऑगस्ट

पाच दिवसांपूर्वी वऱ्हाडात झेंडे लागले, मिठाया वाटल्या म्हणे. आमच्याकडे सामसूम. आम्ही वेगळा देश झालो की नाही, हे कोणीच नक्की सांगत नाही. मीर साहेबांना विचारलं तर म्हणाले, "वामनराव, अब तो रेल और भी जरूरी है." मलाही पटलं. ज्याला समुद्र नाही त्याला बाहेर जायची वाट आधी पाहिजे.

त्यांनी बंगल्यातल्या दोन आलमाऱ्या दुरुस्तीसाठी हैदराबादला पाठवल्या. जालन्यात चांगले सुतार नाहीत, हे खरंच आहे.

१४ डिसेंबर, सरहद्द

त्र्याऐंशीवा दगड पुरला. इथून पुढे वऱ्हाडवाल्यांची रेघ सुरू व्हायची. पलीकडच्या बाजूला त्यांची खुंटी शोधली. उन्हातान्हात दोन तास काटे तुडवले. खुंटी नाही, झेंडी नाही, साखळीचा माग नाही. एक नवा लाकडी अडसर आहे आणि बंदूकवाला शिपाई आहे. त्याला विचारलं, इकडची रेल्वेची पैमाइश कधी निघणार? तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "कोणती रेल्वे?"

शिपायाला काय कळणार. त्यांच्या कचेरीला पत्र टाकलं आहे. मागच्या तीन पत्रांची उत्तरं आली नाहीत, पण हल्ली टपालच उशिरा येतं.

दगड मात्र झकास बसला आहे. त्र्याऐंशी दगडांत मिळून बोटभराचा फरक नाही.

८ फेब्रुवारी १९४८, जालना

सकाळी दार वाजलं. कडूबा. खांद्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा, हातात काठी. एकोणीस-वीस मैल चालत आला होता, आणि एक गुडघा वाकत नव्हता. मागच्या जेठात नारू गुडघ्यात धरला म्हणाला, निघताना तुटला, सांधा आखडला.

ताराने त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला. तो माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलत होता.

"वैनी, आता उन्हाळा येतोय. चारच हात राह्यलेत. साहेबाला म्हणावं, आगगाडी कवा बी येऊ द्या, तवर मला खोदू द्या. ती आली की मी सवता बुजवून देतो. बिलकुल खोटं न्हाई."

मी म्हटलं, "हुकूम वरून आहे, कडूबा. माझ्या हातात काही नाही."

"मंग कोणाच्या हातात हाय? तेवढं सांगा. तितं जातो." आखडल्या गुडघ्याने तो हैदराबादेलाही चालत गेला असता, असं वाटलं.

मी म्हटलं, "बघतो." तो उठला, दारात थांबून म्हणाला, "तुमचा दगड बराबर हाय हां. ढोरं आंग घासत्यात म्हणून काटे लावलेत भवती."

तो गेल्यावर ताराने भारा आत नेला. डहाळ्या निवडत बसली. संध्याकाळी म्हणाली, "इतक्या भल्या माणसाला काय अडतं तुम्हाला सांगायला?" तिला टेकाडाचं माहीत नव्हतं. सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "मग लिहा की आता तरी."

२२ फेब्रुवारी

लिहिलं. चार वेळा फाडलं आणि पाचव्यांदा लिहिलं. "अडतीस नंबरजवळचे टेकाड नैसर्गिक नसून विहिरीच्या खोदकामातील माती आहे. चूक सर्वस्वी माझी." सही झाल्यावर हलकं वाटलं. वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मीर साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता आकाश कोसळणार. ते एवढंच म्हणाले, "वामनराव, यह पहले बोलना था. अब कौन पढ़ेगा?" आणि कागद खणात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

हैदराबादेकडे जाणारं टपाल आठवड्यातून एकदा निघतं. पुढच्या टपालाने जाईल.

२ एप्रिल

कागद अजून खणातच आहे. दोनदा आठवण दिली. साहेबांच्या खोलीत आता खुर्ची, टेबल आणि तो खण एवढंच उरलं आहे.

२ जून

उजव्या घोट्यावर फोड आला आहे. आग होते, खाज सुटते. ढेकूण चावला असेल. ताराने हळद लावली.

६ जून

फोड फुटला. आत पांढरा दोरा आहे. ताराने बघितला आणि तोंडाला पदर लावला. मी आधी बघायलाच तयार नव्हतो.

७ जून

दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, नारू. म्हटलं, शक्य नाही, आमच्या घरी आडाचं पाणी, आणि तळावर आचारी पाणी उकळून देतो. ते म्हणाले, आजचं पाणी सोडा, वर्षापूर्वी कुठे पाणी प्यालात ते आठवा. शरीरात वाढायला याला वर्ष लागतं. पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाल्याने पाय बुडवला की पाण्यात त्याच्या अळ्या जातात. कपड्याने गाळलं तरी टळतं.

घरी येऊन ही वही मागे उलटली. २० एप्रिल. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. "आपल्या मोकळेपणाचं मला बरं वाटलं." लाज वाटली. पान फाडावंसं वाटलं, पण फाडलं नाही.

१९ जून

काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा, जास्त ओढायचा नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. काल नऊ बोटं आला होता. मला एका जागी पडून राहणं जमत नाही. आज ओढला. तुटला. जो आत राहिला तो आत राहिला. पाय घागरीसारखा सुजला आहे, ताप आहे. तारा बोलत नाही. बोलली असती तर काय बोलली असती ते मला माहीत आहे.

झुंबरबाई हे दर वर्षी सोसते, आणि कडूबा त्या गुडघ्यावर इथपर्यंत चालत आला होता.

११ ऑगस्ट

पाय टेकता येतो, घोटा वाकत नाही. काठी घेऊन कचेरीत गेलो. मीर साहेब निघून गेले. घरी सगळे बीमार आहेत, थोडे दिवस जाऊन येतो म्हणाले, असं चपराशाने सांगितलं. आरामखुर्चीसुद्धा नेली. खणाला कुलूप आहे, किल्ली त्यांच्यापाशी.

रस्त्यावर फारसं कोणी नसतं. लोक दिवसाही दारं लावून बसतात. सरहद्द बंद, घासलेट नाही, मीठ महाग. तारा म्हणते जिन्यावरसुद्धा जाऊ नका. माझ्या डोक्यात मात्र तो खण.

२१ सप्टेंबर

चार दिवसांत सगळं संपलं. फौजा आल्या, राज्य गेलं. तोफा लांबून ऐकल्या. परवापासून रस्त्यावर माणसं नाचत आहेत, आणि काही गल्ल्यांत दारं उघडी आहेत पण आत कोणी नाही. तिकडे बघू नका, असं शेजारी सांगतात. मीर साहेबांचा बंगला लुटला म्हणे. लुटण्यासारखं त्यात काय होतं?

मलाही आनंद झाला. झाला, हे खरं. पण दुसऱ्याच क्षणी मनात आलं, आता सरहद्दच नाही, तर सरहद्द मालरेल्वे कशाला?

मग लक्षात आलं, म्हणजे हुकूमही नाही. मग विहीर खोदायला हरकत नाही! ताराला जोरात हाक मारली. ती धावत आली, वाटलं मी पडलो.

१५ ऑक्टोबर

नव्या साहेबांपुढे उभा राहिलो. तरुण आहेत, वऱ्हाडातून आलेले, बोलायला नम्र. म्हटलं, आमच्या कचेरीचा बोरखेडीचा हुकूम रद्द झाल्याचा एक कागद द्या. त्यांनी यादी काढली, बोट फिरवत दोनदा वाचली.

"अशी कचेरी आमच्या यादीत नाही."

"पण होती, साहेब. मी तिचा नोकर आहे."

"असेल. पण जी कचेरी आमच्याकडे आलीच नाही, तिचा हुकूम मी कसा रद्द करू? दप्तर दाखवा."

दप्तर शोधायला मीर साहेबांच्या खोलीत गेलो. खण फोडलेला होता. आत कागद नव्हते. सप्टेंबरच्या त्या दिवसांत कोणीतरी चूल पेटवली असणार, जोत्यावर राख होती. माझी चूक, माझी सही, कडूबाचा अंगठा, सगळं त्यातच गेलं असेल. नसेलही. कोणास ठाऊक.

साहेब म्हणाले, "शेतकऱ्याला सांगा, बिनधास्त खोद म्हणावं. कोण अडवतंय?"

खरंच की. कोण अडवतंय? मीच सांगून येतो.

७ नोव्हेंबर, बोरखेडीहून परत

वाटूरकडे जाणारा एक गाडीवान ओळखीचा निघाला. त्याची वाट खरं तर उलटी, पण माझा पाय बघून आधी मला हसनाबादेला सोडायला तयार झाला. पुढे काठीवर.

वाटेभर दगड शोधत गेलो. सवय. अठ्ठावीस नाही. एकोणतीस नाही. तीस एका गोठ्याच्या उंबऱ्याला लागला आहे. राज्य गेल्याबरोबर लोकांनी निजामाचे दगड म्हणून ते उपटले, कोणी पाट्याला नेले, कोणी न्हाणीत घातले. दोन वर्षांची माझी सरळ रेघ जमिनीवर कुठेच उरलेली नाही. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, कडूबानेही उपटला असेल, खोदायला लागला असेल.

माळावर चढलो आणि लांबूनच दिसला. अडतीस नंबर. उभा, पांढरास्वच्छ. भोवती काट्यांचं कुंपण.

कडूबा रानातच होता. आखडला पाय ओढत आला, रामराम केला.

"चुना कोणी लावला?" मी विचारलं.

"दिवाळीला घराला दिला, थोडा उरल्ता. म्हनलं ह्यालाबी द्यावा." मग माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "तुमालाबी धरलं जनू."

विहिरीत डोकावलो. दोन पावसाळ्यांत ढिगाची निम्मी माती घसरून परत विहिरीत गेली होती. माती हलवू नये असा हुकूम होता, म्हणून याने ती मागे ओढली नव्हती. अठरा हातांची विहीर आता दहा हात असेल. माझं नैसर्गिक टेकाड गुडघ्याएवढं राहिलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. टेकाडाचंही. तुम्ही मदत केलीत म्हणून रेघ तुमच्या विहिरीवरून गेली, आणि मी ते लपवलं, म्हटलं. तो ऐकत राहिला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "मी दावलं म्हून व्हय?"

"आता ती रेल्वे नाही, कडूबा. ते सरकारही नाही. खोदा."

"कागद आनलाय?"

"कागद मिळत नाही. गरजच नाही."

"तवा कागदावर अंगठा घेतल्ता ना तुमी? मंग सोडायचाबी कागद लागंल. उंद्या दुसरा साहेब आला, म्हनला तुझा अंगठा हाय, तर? हे गेलं तसं आनखी एक जातंय, एक येतंय. माझा अंगठा हाये तितंच राह्यला." त्याने उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. "एवढा परत आनून द्या साहेब, मंग सकाळी पहार घेतो."

या वहीचं एक पान फाडलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलं, की बोरखेडीच्या कडूबास विहीर खोदण्यास कोणतीही मनाई नाही. खाली सही केली, वामन रत्नपारखी, नक्शानवीस. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"शिक्का कुटंय?"

शिक्का नव्हता. त्याने कागद घडी करून मुंडाशात ठेवला, माझा मान राखायला म्हणून. मला कळलं.

मग मी काटे बाजूला केले आणि दगडाला दोन्ही हात घातले. म्हटलं, दगडच नसला तर अंगठा कशावरचा? जोर लावला. घोट्यात कळ आली. काठीने खालची माती उकरली, पुन्हा जोर लावला. दोन हात खोल, खाली चुना, वर चुना. तसूभर हलला नाही. "कडूबा, पहार आणा, हात लावा जरा," म्हटलं. तो जागेवरून हलला नाही. "त्यावर माझा अंगठा हाय," म्हणाला. मी पुन्हा ओढला आणि पडलो.

झुंबरबाई पाणी घेऊन आली. डोक्यावर घागर, लंगडत, बारवेकडूनच येत होती. काही न विचारता पदर दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरला. मी खाली बसून वाट बघत राहिलो. पाणी हळूहळू गळत होतं. ती म्हणाली, "त्या दिशी थांबले अस्ते तर." मी पाणी प्यालो.

निघताना मागे वळून बघितलं. कडूबा दगडापाशी गेला होता. मी उकरलेली माती त्याने पायाने परत लोटली, चांगल्या पायाने दाबली, दगडाला हात लावून पाहिला, आणि मला ओरडून विचारलं, "हलला न्हाई ना साहेब?"

मी म्हटलं, नाही. हलला नाही.